बालवाडीत गुरुजी का नाहीत?

तुमच्या गावातली किंवा मोहल्ल्यातली अंगणवाडी आठवा. चार-पाच वर्षांची मुले गोलात बसलेली असतात. त्यांना गाणी कोण शिकवते? बाई. खाऊ कोण वाटते? त्याही बाईच. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत अंगणवाडीजवळच जिल्हा परिषदेची शाळा असते. तेथे पहिलीच्या वर्गावर अनेकदा गुरुजी असतात. सहा वर्षांच्या मुलाला पुरुष शिकवू शकतो, तर पाच वर्षांच्या मुलाला का नाही?

याचे एक कारण नियमात आहे. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात सेविका आणि मदतनीस या जागा स्त्रियांसाठीच असतात. दुसरे कारण आपल्या मनात आहे. लहान मुलांना सांभाळणे हे बायकांचेच काम, असे आपण धरून चालतो.

इतर देशांतही फारसे वेगळे चित्र नाही. श्रीमंत देशांत बालवाडीच्या शंभर शिक्षकांमागे सरासरी पाच पुरुषही नसतात. नॉर्वे देशाने १९९०च्या दशकात शंभरात वीस पुरुष आणण्याचे ठरवले. तेव्हा तेथे पाचही नव्हते. पुढे ते सुमारे दहा झाले. जपानमध्ये पाळणाघरातील शिक्षिकेला ‘होबो’ म्हणत. या शब्दातच ‘आई’ आहे. १९७७ साली हे काम पुरुषांना खुले झाले आणि १९९९ साली नावही बदलून ‘होइकुशी’ झाले. हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. म्हणजे प्रयत्न केला तर बदल होतो, पण तो सावकाश होतो.

आपल्या देशातही एक थोर उदाहरण आहे. गुजरातचे गिजुभाई बधेका हे वकील होते. त्यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर काढले. लहान मुलांवरील त्यांची माया पाहून लोक त्यांना ‘मिशांवाली आई’ म्हणू लागले. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांनी त्यांच्याबरोबरच काम केले होते.

कोणी म्हणेल, “ही तर जगाची रीत आहे.” पण रीत बदलते, हे सातारा जिल्ह्याला कोणी सांगायला नको. सावित्रीबाई फुले याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८४८ साली त्या पुण्यात मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा बाईने शिकवणे हेच लोकांना पटत नव्हते. त्यांच्यावर शेण आणि दगड फेकले गेले. फातिमा शेख यांनी त्यांना साथ दिली. आज असंख्य शाळांत शिक्षिका शिकवतात!

एक अडचण मात्र खरी आहे. सेविकांना पगार नव्हे, मानधन मिळते, आणि तेही थोडे. ज्या कामाला मोल नाही, तिकडे पुरुष वळत नाहीत. शिवाय खेड्यातल्या स्त्रीला मिळणारी ही मोजकी नोकरी आहे. ती हिरावून पुरुषाला देणे हा अन्याय होईल. म्हणून आधी या कामाचा मोबदला वाढवावा, जागा वाढवाव्यात आणि मग त्या दोघांनाही खुल्या कराव्यात. मुलांच्या सुरक्षिततेची काळजी आईबापांना वाटणारच. त्यासाठी वर्गात दोन शिक्षक असावेत आणि दार उघडे असावे. हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच हवा.

घरात धाकट्या भावंडाला खेळवणारी ताई जशी असते, तसा भाईजानही असतो. मक्तबात अलिफ, बे, ते शिकवणारे उस्तादही अनेकांना आठवत असतील. लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेण्यात पुरुषाला कसला कमीपणा? मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी म्हणाला, “मी बालवाडीचा शिक्षक होणार,” तर त्याला हसू नका.