सरत्या वर्षाचा हिशेब आणि बाबासाहेबांचा अर्धवट राहिलेला अभ्यास



डिसेंबर महिना आपल्यासाठी हिशेबाचा महिना. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन आणि लगेच १ जानेवारीला भीमा कोरेगाव. या दिवसांत आपण किती फोटो टाकले हे मोबाईल सांगतो. वर्षभरात काय घडवले हे मात्र आपल्यालाच सांगावे लागते.

आम्ही यंदा वही घेऊन बसलो. मोर्चे झाले, निवेदने दिली, जयंती दणक्यात झाली. पण त्याच वहीत एक ओळ अशी आली की आमची मान खाली गेली. आमच्याच वस्तीतल्या एका मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. जात पडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत हाती आले नाही आणि राखीव जागा गेली. खुल्या प्रवर्गाची फी भरणे घरच्यांना शक्य नव्हते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधावा लागतो, अर्ज बारावीतच करावा लागतो, हे आम्हाला माहीत होते. त्याला नव्हते. आम्ही त्या महिन्यात काय करत होतो? वर्गणी गोळा करत होतो. व्यवस्थेला दोष द्यायलाच हवा, पण ही चूक आमची आहे.

आता कोणी म्हणेल, चळवळीत वैयक्तिक संकल्प कशाला? स्वतःचे करिअर पाहणे म्हणजे स्वार्थ. दुसरा म्हणेल, आधी नोकरी लागू दे, मग समाजाचे बघू. हे दोघेही चुकतात आणि त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे.

१९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी विद्यापीठाने चार वर्षांची सवलत दिली होती. बडोद्यात नोकरी धरली तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. तरी ध्येय सोडले नाही. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून काटकसरीने पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. जुलै १९२० मध्ये, मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला निघाले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

आणि मधल्या काळात समाज थांबला होता का? नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. स्वतःचे शिक्षण आणि समाजाचे काम यांत त्यांनी भिंत उभी केली नाही. या यशामागे मुंबईत गरिबीत संसार ओढणारी रमाई होती, हेही विसरू नका. आपली ध्येये घरातल्या बाईच्या कष्टांवर उभी राहतात. तिचे ध्येय आपण कधी विचारले आहे का?

बाबासाहेबांकडून आपण हेच शिकायचे आहे. ध्येयाला मुदत हवी, पैशाची तजवीज हवी आणि त्यात समाजाचा वाटा हवा. हे नसेल तर तो संकल्प नव्हे, नुसती इच्छा आहे.

आम्ही येत्या वर्षासाठी तीनच गोष्टी लिहिल्या आहेत. एक, आमच्यापैकी प्रत्येकाची अर्धवट राहिलेली परीक्षा किंवा पदवी. तिची तारीख घरच्यांना सांगायची. दोन, कमाईचा विसावा हिस्सा वेगळा काढायचा. बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी तो मागितला होता, आपण किती जणांनी दिला? तीन, जूनच्या आत वस्तीतल्या प्रत्येक अकरावी-बारावीच्या मुलामुलीच्या घरी जाऊन जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पडताळणीचा अर्ज आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म तपासायचा.

यात घोषणा नाही, स्टेज नाही, हार नाही. पण पुढच्या डिसेंबरात वही उघडली की एकाही मुलाचे वर्ष कागदाअभावी वाया गेलेले नसावे. तेवढे जमले तरच चैत्यभूमीवर मान वर करून उभे राहता येईल.

तुमच्या वहीत काय आहे? आजच लिहा.

जयभीम! जय भारत!