आधी पाणी बघा, मग कपडे काढा

घरात एक तीन वर्षांचं आणि एक मांडीवरचं लेकरू असलं की धुण्याचा ढीग लागतोच. पण तो कमी कसा करावा याचे जे सल्ले छापून येतात, ते बहुतेक चोवीस तास नळ असलेल्या घरांसाठी लिहिलेले असतात. रोज एक मशीन लावा, साचू देऊ नका, झालं. आपल्या खान्देशात हे निम्मं फुकट जातं. धुळ्यात आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ आल्याचे उन्हाळे लोकांनी काढले आहेत. तापीची योजना आहे, नकाणे तलाव आहे, अक्कलपाडा आहे, तरी गल्लीतला पहिला प्रश्न "नळ कधी येणार?" हाच असतो. जळगावात वाघूर धरणामुळे जरा बरं, पण तिथेही दिवसाआड, दोन दिवसांआड असंच चालत आलं आहे. मशीनचं बटण दाबायला कुणाची ना नाही हो, ड्रमात पाणी हवं ना.

थोडा हिशोब करू. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी मापात धरलेलं असतं, आणि त्यातले २० लिटर कपडे धुण्याचे. चार माणसांचे झाले रोजचे ८०. नळ आठ दिवसांनी येणार असेल तर नुसत्या धुण्यासाठी ६४० लिटर साठवावं लागेल, म्हणजे २०० लिटरचे तीन निळे ड्रम भरून वर आणखी दोन बादल्या. स्वयंपाक, आंघोळ, संडास हे सगळं वेगळं. खेड्यात जलजीवन मिशनचं माप तर माणशी ५५ लिटरचंच आहे, तेही सगळ्या कामांना मिळून. एवढं साठवायला जागा कुठल्या घरात आहे? म्हणून ढीग उपसण्याच्या युक्त्या नंतर बघू. तो मुळात एवढा का होतो, ते आधी बघायला हवं.

पांझरेच्या काठावर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. बंधाऱ्याला यंदा पाणी किती ते आधी बघायचं, मग कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाणी कमी असेल तर एखादा फड सरळ पडीक ठेवायचा. घरातल्या कपड्यांना हाच नियम लावा असं माझं सांगणं आहे. कपाटातले काही कपडे यंदा पडीक ठेवा. बारशाला आलेली झबली-टोपडी, वाढदिवसाचे फ्रॉक, मामाने आणलेले जीन्स, असे एकेका लेकराचे तीस-चाळीस कपडे हाताशी असले की दिवसातून चार वेळा बदलले जातात. कुणी ठरवून बदलत नाही, समोर दिसतात म्हणून बदलतात. तीन-चार वर्षांच्या पोराला घरात घालायला सुती कपड्यांचे सहा जोड खूप झाले, बाहेर जायला दोन. बाकीचे पेटीत. घरातलं झिजलं की पेटीतलं काढा. आणि बारशाला काय आणू असं कुणी विचारलंच तर संकोच न करता सांगा: जुन्या धोतराची किंवा मलमलीची दुपटी आणा, लंगोट आणा. झबली पुरे झाली.

मग येतो मळलं कशाला म्हणायचं हा मुद्दा. तासभर अंगात घातलेला सदरा मळलेला नसतो. दारावर टाकलेला, वास न येणारा टॉवेलही मळलेला नसतो. अंग पुसून दोरीवर टाकला तर तो तीन-चार दिवस चालतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४५ ला जातो, हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. या हवेत टॉवेल रोज धुणं हा पाण्याचा नासच. घाम फार येतो हे खरं, म्हणून बनियन, चड्ड्या, मोजे रोज धुवायलाच हवेत. त्यात कंजुषी नको. पण चादरी, पडदे, पायपुसणी, सोफ्यावरची कापडं यांना पंधरा दिवस थांबता येतं.

लेकरांचे निम्मे कपडे तर जेवताना बदलतात. वरण-भात, आमरस, केळं कुस्करून दूध, हे सगळं पोटापेक्षा छातीवर जास्त जातं. लाळेरं बांधा. उन्हाळ्यात त्याहून सोपं म्हणजे उघडं बसवून भरवा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. आपल्या आज्या हेच करत. हल्ली फोटो काढायचे म्हणून लेकराला सजवून भरीत चारतात, मग भरताचं तेल नव्या कुर्त्यावर उतरतं आणि धुणारीचा जीव जातो.

रात्री अंथरूण ओलं होतं त्यावरही आधीच उपाय करा. भिजलेली गोधडी धुणं म्हणजे दोन माणसांचं काम आणि पाचेक बादल्या पाणी. गोधडीवर मेणकापड आणि त्यावर दुपटं टाकलं की सकाळी फक्त दुपटं धुवायचं राहतं.

आता धुणं. ज्यांच्याकडे नळ उशिरा येतो त्यांनी धुण्याचा वार नळाच्या वाराला बांधावा. रोजचे लंगोट आणि आतले कपडे सोडून मोठं धुणं नळ येण्याच्या दिवशी सकाळी काढा आणि ड्रमाच्या तळाशी उरलेल्या जुन्या पाण्यात ते भिजवा. ड्रम रिकामा झाला की आतून काथ्याने खसखसून घासा, उन्हात वाळवा, मगच नवं पाणी भरा. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, ती भांड्याच्या कडेला चिकटतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत असतं ते याचसाठी. आठ दिवस भरून ठेवलेला ड्रम त्या डासाला अगदी सोयीचा. धुण्याच्या निमित्ताने तो आपोआप रिकामा होतो.

आपल्याकडे अजूनही सेमी-ऑटोमॅटिक मशीन जास्त दिसतं, आणि ते शहाणपणाचं आहे. त्यात पाणी आपण मोजून घालतो, साबणाचं एकच पाणी दोन-तीन घाण्यांना वापरता येतं. क्रम तेवढा पाळा: आधी बाळाचे आणि पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत धरा. ते पुढच्या घाण्याला भिजवायला चालतं, नाहीतर संडासात ओतायला. बोअरचं पाणी असेल तर ते जड असतं. त्यातला चुना साबणाला धरतो, फेस येत नाही, कपडे करडे पडतात. मग आपण साबण वाढवतो आणि तो निघावा म्हणून खळबळायला आणखी पाणी. अशा पाण्याला वडीपेक्षा पावडर बरी, त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा. नळाचं पाणी असेल ते शेवटच्या खळबळण्याला राखून ठेवा, कारण बाळाच्या अंगावर पुरळ उठतं ते पुष्कळदा कपड्यात राहिलेल्या साबणामुळे.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक धुणं असतं आणि त्याबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. कपाशीवर किंवा केळीवर फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे लेकरांच्या कपड्यांत कधीही, अजिबात टाकू नका. २०१७ साली यवतमाळात फवारणीने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विष श्वासातून जसं गेलं तसंच कातडीतूनही गेलं. तेच विष सदऱ्यावर घरी येतं. फवारणी केलेल्याने अंगणातच कपडे उतरवावेत, हातपाय धुवावेत, आंघोळ करावी, मग पोराला उचलावं. ते कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवायचे, पाणी पोरं खेळतात तिथे सोडायचं नाही, वेगळ्या दोरीवर उन्हात टाकायचे. ती बादली घरात दुसऱ्या कशाला वापरायची नाही.

रावेर-यावलकडे केळीच्या चिकाचं दुखणंही ठाऊक आहे. ओला चीक कपड्याला लागला की नुसता ओलसर दिसतो, वाळला की काळा-तपकिरी होतो आणि मग कशानेही जात नाही. त्यावर वेळ, साबण आणि मनगट घालवू नका. केळी कापायचे दोन जोड वेगळे ठेवा, ते डागाळलेलेच असू द्या.

हळदीचं मात्र उलटं. शेवभाजीचा रस्सा सांडला, साबण लावला आणि डाग एकदम लाल झाला म्हणून घाबरू नका. हळदीचा रंग साबणाच्या क्षाराने लाल होतो, पण उन्हात तो टिकत नाही. धुऊन ओलंच कापड कडक उन्हात टाका, डाग बाजूला वर करून. दोन दिवसांत पुसट होतो. ऊन ही आपली फुकटची दौलत आहे, ती वापरा. फक्त रंगीत कपडे उलटे करून टाका नाहीतर मे महिन्यात धाब्यावर आठ दिवसांत विटतात. दूध, अंडं, रक्त, शी यांचे डाग मात्र आधी गार पाण्यात. गरम पाणी पडलं की ते धाग्यात पक्के बसतात. लंगोट उकळायचेच असतील तर गार पाण्याने निघाल्यावर उकळा.

लंगोट की डायपर, यावर घराघरात सासू-सुनेची जुंपते. मला वाटतं, दिवसा लंगोट आणि रात्री व प्रवासात डायपर ही तडजोड पाण्यालाही परवडते आणि पैशालाही. बाळ दिवसाला आठ-दहा वेळा सहज ओलं करतं, तेव्हा वीस-पंचवीस लंगोट हवेत. कमी असले तर पावसाळ्यात वाळत नाहीत. लंगोटांना आणि टॉवेलांना ते सुगंधी मऊ करायचं द्रावण लावू नका, कापड पाणी शोषत नाही.

आणि डांबरगोळ्या. मोठ्याचे कपडे धाकट्यासाठी पेटीत डांबरगोळ्या टाकून ठेवायची आपल्याकडे जुनी रीत. ती बंद करा. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी६पीडी नावाच्या विकराची कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळीच्या वाफेने, त्या कपड्यांच्या वासानेसुद्धा, रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते. आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे सहसा कुणी तपासलेलं नसतं. कडुनिंबाचा पाला वाळवून ठेवा, आणि पेटीतून काढलेले कपडे धुऊन, कडक ऊन दाखवून मगच अंगात घाला.

धुतलेल्या कपड्यांचा ढीग हा वेगळाच रोग आहे. ते वाळून खाटेवर येतात आणि तिथेच राहतात, त्यावर कुणी बसतं, लेकरू त्यावर लोळतं, आणि पुन्हा धुण्यात जातात. घडी दोरीपाशीच घाला. लेकरांच्या चड्ड्या-बनियनींना घडीची गरजच नाही, डब्यात टाका. चार वर्षांच्या पोराला मोज्यांच्या जोड्या लावता येतात आणि त्यात त्याला मजाही वाटते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला गणवेशाचे दोन जोड असतात. शाळेतून आल्यावर तो उतरवून खुंटीला लावणं हे त्याचं काम, आईचं नव्हे.

आता बाबांकडे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तिथलं छात्रालय त्यांनी सांभाळलं. मुलांच्या खोल्या झाडणं, अंथरुणं आवरणं, कपडे धुणं ही कामं ते स्वतः करत, याच्या आठवणी खान्देशात अजून सांगतात. त्याच गुरुजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता प्रवचनं उतरवून घेतली. लंगोट पिळल्याने पुरुषाचं काही कमी होत नाही, एवढं समजायला आणखी कुणाचा दाखला हवा? आखाजीला लेकी नातवंडं घेऊन माहेरी येतात तेव्हा धुणं दुप्पट होतं आणि ते वहिनी एकटी उपसत असते. त्या दिवसांत तरी भावाने आणि जावयाने मोरीत उतरावं. पिळणं, वाळत घालणं, ड्रम घासणं ही ताकदीची कामं आहेत, ती तुमच्याकडेच घ्या.

शेवटची गोष्ट, आणि वरचं सगळं विसरलात तरी ही विसरू नका. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं लेकरू बादलीत डोकावतं, डोकं जड असतं, तोल जातो, आणि त्याला परत वर निघता येत नाही. त्यासाठी बादली भरलेली असावी लागत नाही, वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाज येत नाही. फोन वाजला, दारात कुणी आलं म्हणून भिजवलेलं धुणं सोडून उठू नका. उठायचंच असेल तर लेकराला बरोबर घ्या. ड्रमांना घट्ट झाकणं लावा. धुणं झालं की बादल्या पालथ्या घाला आणि मोरीच्या दाराला वरून कडी लावा.