व्हिसा ही नवऱ्याची मेहेरबानी नाही

जोगेश्वरीत एखाद्या घरी लंडनचं किंवा जर्मनीचं स्थळ आलं की आधी मुलाचा पगार विचारला जातो, मग पासपोर्टचा रंग. मेहेर किती, वलीमा कुठे, दागिने कोण करणार यावर चार बैठका होतात. पण निकाहची सरकारी नोंद कधी करायची, मुलगी तिथे कोणत्या हक्कानं राहणार, हे कुणी विचारत नाही. मुलीनंच विचारलं तर 'निकाहच्या आधीच तलाकचा विचार?' म्हणून तिला गप्प बसवतात. मेहेरचा निम्मा भाग उधार ठेवताना आपण नेमका कशाचा विचार करत असतो?

तिथे गेल्यावर काही मुलींना एकच धमकी ऐकावी लागते: 'मी आणलंय तुला. एक ईमेल टाकला की मुंबईला परत.' ही धमकी पूर्ण खोटी नसते, म्हणूनच ती चालते. ब्रिटनमध्ये लग्न मोडलं तर जोडीदार म्हणून मिळालेला व्हिसा कमी केला जाऊ शकतो. पण पुढचं अर्ध तिला कुणी सांगत नाही. घरगुती अत्याचारामुळे संसार मोडला असेल, तर तिथला कायदा तिला स्वतःच्या नावावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करू देतो, पाच वर्षं पूर्ण झालेली नसली तरी. जर्मनीत तीन वर्षं संसार झाला असेल तर पत्नीला स्वतंत्र वास्तव्याचा हक्क मिळतो, आणि छळ होत असेल तर या तीन वर्षांची अटही शिथिल होते. नवरा एका युरोपीय देशाचा नागरिक आणि संसार युरोपीय संघाच्या दुसऱ्या देशात असेल, तर 2004चा संघाचा निर्देश लागू होतो. लग्न तीन वर्षं टिकलं, त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं, तर घटस्फोटानंतरही तिचं वास्तव्य टिकू शकतं. तिथेही अत्याचारग्रस्त स्त्रीसाठी वेगळी तरतूद आहे.

हे सरकारं उदार आहेत म्हणून झालेलं नाही. बायकोला बोलावण्यासाठी ब्रिटननं आधी वर्षाला 18,600 पौंडांच्या उत्पन्नाची अट घातली होती, ती एप्रिल 2024 पासून 29,000 केली. टॅक्सी चालवणाऱ्या, हॉटेलात राबणाऱ्या आपल्या माणसांवर ही अट अन्यायच आहे. त्याबद्दल आपण मोठ्यानं बोलतो. पण घरातल्या मुलीला तिचा हक्क सांगायची वेळ आली की आपला आवाज बसतो.

हा हक्क कागदावर उभा असतो. आणि इथे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर येतं: 'निकाहनामा आहे ना, मग सरकारी कागद कशाला? उद्या सरकार शरीअतमध्ये हात घालेल.' ही भीती निराधार आहे. महाराष्ट्राचा 1998चा विवाह नोंदणी कायदा झालेल्या निकाहची फक्त नोंद घेतो. ऑक्टोबर 2024 मध्ये ठाण्याचं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. एका मुस्लिम पुरुषाला अल्जीरियाच्या पत्नीशी झालेल्या, म्हणजे त्याच्या तिसऱ्या लग्नाची नोंद हवी होती आणि पालिकेच्या निबंधकांनी ती नाकारली होती. हा कायदा मुस्लिमांच्या व्यक्तिगत कायद्याला बाजूला सारत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. बहुपत्नीत्वाला माझा ठाम विरोध आहे. पण नोंदणीमुळे शरीअत धोक्यात येते म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. शिवाय कुरआनच्या सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहारसुद्धा साक्षीदारांसमोर लिहून ठेवायला सांगितलं आहे. मग आयुष्यभराच्या कराराची नोंद केली तर ईमान कमी होतं का?

उलट नोंद नसेल तर काय होतं, हे इंग्लंडमध्ये दिसलं. नोंदणीशिवाय तिथे नुसता निकाह केला तर कायद्याच्या दृष्टीनं ते लग्नच नाही, असं तिथल्या अपील न्यायालयानं फेब्रुवारी 2020 मध्ये ठरवलं. अशी स्त्री मोहल्ल्यासाठी बायको असते, घटस्फोटाच्या कोर्टासाठी कुणीच नाही. तिथे आधीच एक बायको नांदत असेल, तर दुसरीला पत्नी म्हणून व्हिसा मिळत नाही. म्हणून मुलाच्या वैवाहिक स्थितीचा सरकारी दाखला मागायला लाजू नका. 'आमच्यावर भरवसा नाही का?' असा प्रश्न आला, तर 'दाखला दिलात तर भरवसा वाढेल' एवढंच सांगा.

कामं फार नाहीत. निकाहच्या 90 दिवसांत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. जोगेश्वरी पश्चिमेसाठीचं पालिकेचं वॉर्ड कार्यालय अंधेरीत, एका स्टेशनावर आहे. नवरा-बायको दोघांनी हजर राहावं लागतं, सोबत तीन साक्षीदार. नवरा पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेला असतो, म्हणून हे काम वलीम्यानंतर 'बघू' म्हणून ढकलू नका. ते त्याच्या परतीच्या विमानाआधी व्हायला हवं. प्रमाणपत्र मिळालं की त्यावर जे शिक्के लागतात ते करून घ्या. मूळ प्रत मुलीकडे, स्कॅन तिच्या स्वतःच्या ईमेलवर, एक प्रत माहेरी. आम्ही सॉफ्टवेअरवाले बॅकअप त्याच मशीनवर ठेवत नाही. पासपोर्ट आणि प्रमाणपत्र सासूच्या कपाटात असेल, तर तो बॅकअप नव्हे.

नोंदणीच्या अर्जावर निकाह पढवणाऱ्या काझींचीही सही लागते. मग निकाहच्या दिवशीच, दुआ झाल्यावर, तो अर्ज भरून का घेऊ नये? प्रत्येक मशिदीच्या जमातीनं एवढं ठरवावं. जमात तयार नसेल तर मोहल्ल्यातल्या आपण चार तरुणांनी अर्जाच्या प्रती घेऊन मंडपात बसावं. मिठाई वाटायला माणसं मिळतात, या कामालाही मिळतील.