आधी जुडी, मग अंक

‘पंचेचाळीस लिही’ म्हटले की दुसरीतली कितीतरी मुले ५४ लिहितात. मग ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून ओरडा बसतो. खरे तर मुलाचे लक्ष जागेवरच असते. त्याने आधी पाच ऐकले, मग चाळीस, आणि त्याच क्रमाने लिहिले. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येते आणि लिहायचे असते २९. उर्दूच्या ‘पैंतालीस’मध्येही पाचच पुढे. शिवाय उर्दू शाळेतले मूल अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहिते आणि अंक डावीकडून उजवीकडे. अशा मुलाला ‘ढ’ म्हणणे हा अन्याय आहे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वाद विधानसभेपर्यंत गेला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी या बदलामागची भूमिका शांतपणे मांडली. पण सारी चर्चा शब्दांभोवतीच फिरत राहिली. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. या मुलाने ‘दहा’ कधी स्वतःच्या हातांनी बांधला आहे का?

त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. आइस्क्रीमच्या किंवा खराट्याच्या काड्या आणि थोडे रबर पुरेत. फासा टाकायचा, पडतील तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की जुडी बांधायची. जुड्या डावीकडे, सुट्या उजवीकडे. चार जुड्या आणि पाच सुट्या समोर असल्या की ४५ आणि ५४ मधला फरक मूल डोळ्यांनी बघते. ४२ मधून १७ काढताना दोन सुट्या पुरत नाहीत, मग ते आपणहून एक जुडी सोडते. ‘हातचा घेणे’ म्हणजे हेच. त्यानंतर खेळातल्या दहाच्या नोटा आणि एकची नाणी आणावीत. जुडीत दहा दिसतात, नोटेत दिसत नाहीत, ते मानावे लागतात. अंकात तर फक्त जागा उरते. ही पायरी गाळून थेट पाटीवर उडी मारली की मूल पडते.

शून्याचेही तसेच. २०५ मध्ये दशकाचे घर रिकामे आहे, हे रिकामी वाटी ठेवल्यावर कळते. आपण ज्याला शून्य म्हणतो, त्याला अरबांनी ‘सिफ्र’ म्हटले, त्याचा अर्थही रिकामेच. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने या हिंदी अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. तिच्या लॅटिन भाषांतरातून ही पद्धत युरोपला समजली. ज्या वारशाचा आपण अभिमान सांगतो, तो आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलांना शंभरपर्यंतच्या घोकंपट्टीत मिळावा, हे शोभत नाही.

आपल्या अनेक घरांत दखनी किंवा कोकणी बोलली जाते, शाळेची भाषा मराठी किंवा उर्दू असते. आई-वडिलांना ‘आम्हाला शिकवता येत नाही’ असे वाटते. पण काड्यांची जुडी कोणत्याही भाषेत दहाचीच असते. ती बांधायला आईला शाळा शिकलेली असण्याची गरज नाही.

स्थानिक किंमत दुसरीत हुकली की वजाबाकी हुकते, मग भागाकार, मग अपूर्णांक. पुढे ‘गणित जमत नाही’ म्हणून शाळाच सुटते. ट्यूशनची फी भरण्याआधी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे मुलासोबत जमिनीवर बसा. काड्या त्यालाच मोजू द्या.