काष्टीच्या पोराची स्मृती कोणत्या मापाने मोजणार?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बापाबरोबर आलेले पोर सकाळी पाहिलेल्या बैलांचे रंग, शिंगे आणि ठरलेले भाव संध्याकाळी बिनचूक सांगेल. तेच पोर शहरातील इस्पितळात अनोळखी शब्दांची यादी ऐकून अर्ध्या तासाने गप्प बसले, तर त्याची स्मृती दुर्बळ ठरते. हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही.

अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, सुमारे एकतृतीयांश रुग्णांना औषधांनी पुरेसा गुण येत नाही. त्यांतील काहींना मेंदूवरील शस्त्रक्रिया तारते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ११६ मुलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेली ७७ टक्के मुले वर्षभरानंतर झटक्यांपासून मुक्त होती. केवळ औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. वहाण हुंगवण्याचे आणि देवऋष्याचे दिवस संपले पाहिजेत, हे निर्विवाद.

परंतु सुरीलाही किंमत असते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन या तरुणाच्या मेंदूचा दोन्ही कानशिलांकडील आतला भाग काढला गेला. झटके कमी झाले. नवे काही लक्षात ठेवण्याची शक्ती मात्र कायमची गेली. या धड्यानंतर शस्त्रक्रियेपूर्वी स्मृतीची चाचणी घेणे आवश्यक मानले जाऊ लागले. काढावयाच्या भागाची स्मृती जितकी शाबूत, तितकी ती गमावण्याची भीती अधिक. ती आधीच क्षीण असेल तर गमावण्यासारखे थोडेच, असे हे गणित आहे.

मुलांचा मेंदू वाढता असल्याने हे भाकीत मुळातच कमी भरवशाचे. त्यात दारिद्र्य मिसळले की ते अधिकच फसवे होते. श्रीगोंदे तालुक्यातील उसाच्या फडावर आईबापांमागे आलेल्या मुलाला कमी गुण पडले, तर ते रोगामुळे की शाळा बुडाल्यामुळे? बुडालेली शाळा मेंदूची हानी समजली गेली, तर शाबूत स्मृतीवर सुरी फिरेल, अथवा हिताची शस्त्रक्रिया नाकारली जाईल.

म्हणून चाचणी टाकावी काय? मुळीच नाही, माप बदलावे. चाचणीचे शब्द मुलाच्या बोलीतले असावेत, तुलना त्याच्यासारख्याच मुलांशी व्हावी आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षाने ती पुन्हा घ्यावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ही सोय विनामूल्य मिळावी, अशी मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. विज्ञान गरिबाच्या दारी यायचे, तर त्याला गरिबाची भाषा शिकावीच लागेल.