पाक पाणी पिण्याजोगं असतंच असं नाही

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात भूजलातल्या नायट्रेटमुळे सर्वाधिक बाधित 15 जिल्ह्यांची यादी आहे. त्यातले सात जिल्हे एकट्या महाराष्ट्राचे आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. राज्यातले सुमारे 36 टक्के नमुने लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर निघाले. देशात असे बाधित जिल्हे 2017 साली 359 होते, 2023 साली 440 झाले.

हे पाण्यात येतं कुठून? युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, दुसरी खतं कितीतरी महाग. मग शेतकरी युरियाच जास्त टाकणार. पिकाला न लागलेलं नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली उतरतं. गोठ्यातली घाण आणि घरोघरचे शोषखड्डे त्यात भर घालतात. मराठवाडा-विदर्भात पाऊस कमी पडला की हे नायट्रेट पातळ करायला जमिनीत पुरेसं पाणी नसतं. आणि नळ आठ-दहा दिवसांनी येत असेल, तर बोअरशिवाय माणसाने जायचं कुठे?

आपल्या घरांत पाण्याची पारख रंग, वास आणि चव यांवरून होते. वजूसाठी ही कसोटी बरोबर आहे. पण नायट्रेटला रंग नाही, वास नाही. वजूला पाक असलेलं पाणी बाळाच्या बाटलीसाठी घातक असू शकतं, हे आपण लक्षात घ्यायला हवं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ आणि नखं निळसर पडतात. अशा वेळी बाळाला लगेच दवाखान्यात न्यावं. आईचं दूध हाच सुरक्षित मार्ग.

पाणी उकळून पिण्याची सवय इथे उपयोगाची नाही. उकळल्यावर पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. तुरटी, क्लोरीन, साधा कँडल फिल्टर यांनीही ते जात नाही. आरओने कमी होतं, पण आरओ प्रत्येकाला परवडत नाही.

म्हणून सुरुवात मशिदीच्या बोअरपासून करू या. अनेक मोहल्ल्यांत उन्हाळ्यात तिथूनच हंडे भरले जातात. जमातीने त्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. आलेला आकडा जुम्याला सर्वांना सांगावा. जास्त निघाला तर तो कागद घेऊनच नगरपरिषदेकडे नळाचं पाणी आणि भुयारी गटार मागावी. कागद हातात असला की मागणी टाळणं अवघड जातं.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साठलेल्या पाण्यात लघवी करायला मनाई केली आहे. जमिनीखालचं पाणीही साठलेलंच आहे. बोअरला लागून शोषखड्डा खोदताना आपण हे विसरू नये.