लाल पेन्सिलीचे गुरुत्व

परप्रांतातील आमच्या मंडळांतून मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग काढावयाचा ठरला, की शिक्षकाची निवड दोन मिनिटांत उरकते. ज्याची नोकरी संपली आणि ज्याचे मराठी 'शुद्ध', तो गुरुजी! लेखन शिकविणे हेही शिकावे लागते, असे आम्ही एका सभेत सुचविले तेव्हा मंडळी हसली. आमचे म्हणणे आजही तेच आहे.

आपण जन्मभर हाताखालच्यांचे मसुदे तपासले. मसुदा सुधारला, कारकून मात्र होता तेथेच राहिला. उद्या पुन्हा तीच चूक, पुन्हा तीच पेन्सिल. कचेरीत हे खपते, कारण तेथे कागद पुढे जावयाचा असतो. वर्गात मूल पुढे जावयाचे असते. अमेरिकेतील स्टीफन नॉर्थ यांनी विद्यापीठांतील लेखन-केंद्रांविषयी १९८४ साली हाच भेद मांडला: तेथील काम लिखाण सुधारण्याचे नव्हे, लिहिणारा सुधारण्याचे.

एक वही पाहा. दिल्लीत वाढलेली मुलगी लिहिते, "मी पुस्तक वाचली. मला चांगली शिक्षा मिळाली." गुरुजी हसतात व दोन फुल्या मारतात. पण या पोरीने नियम मोडलेला नाही. शेजारणीचा पाळला आहे. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, आणि शिक्षा म्हणजे शिक्षण. तिला विचारल्यावाचून, तिच्याकडून मोठ्याने वाचवून घेतल्यावाचून हे उमगावे कसे? शॉनेसी या प्राध्यापिकेने न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातील सुमारे ४००० निबंध अभ्यासून १९७७ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की अशा चुकांमागे बहुधा काही तर्क असतो. आणि तीच मुलगी 'कवि' ऱ्हस्व लिहिते म्हणून कपाळाला आठ्या कशाला? १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येईपर्यंत आपले वाडवडीलही तसेच लिहीत होते!

मग चुकीला चूक म्हणूच नये काय? अवश्य म्हणावे, पण एका वेळी चुकीची एकच जात धरावी, आणि तीही मुलाने काय सांगू पाहिले आहे ते ऐकून घेतल्यावर. ऐकण्याची ही सवय हुद्द्याने लागत नाही. उलट हुद्दा ती मोडतो. म्हणून भावी गुरुजींनी प्रथम स्वतः दोन पाने लिहावीत, दुसऱ्याच्या हाती द्यावीत आणि तो बोलत असता गप्प बसावे. आम्ही आमची दोन पाने लिहून ठेवली आहेत. सभेत हसलेल्यांपैकी कोणी ती वाचावयास येणार आहे काय?